होर म्हणजे आणखी

"हे काय आहे, प्रोफेसरसाहेब?"

सरोजने पेल्याचं चित्र त्यांच्यासमोर धरलं. प्रोफेसर सोढींनी चित्राकडे नीट पाहिलं, ओठ जुळवले, कपाळावरची शीर फुगली आणि बऱ्याच खटाटोपानंतर एकच शब्द बाहेर पडला.

"होर."

बाजूच्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या पत्नीने, सुरजीत कौरने, लगेच थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून त्यांच्या तोंडाशी धरला. पंजाबीत होर म्हणजे आणखी. माणूस चहा मागतो आहे, एवढंच तिला कळलं. प्रोफेसरांनी डाव्या हाताने ते झाकण असं काही उडवलं की चहा चित्रांवर सांडला, भिंतीवर उडाला, सुरजीत कौरच्या शालीवर गेला. मग ते स्वतःच घाबरले आणि मान खाली घालून बसले.

ओढणीने टेबल पुसता पुसता सुरजीत कौरने सरोजला हळूच सांगितलं की घरीही असंच चालतं. जेवताना होर म्हणतात म्हणून ती रोटी वाढते, तर ताट ढकलतात. पांघरूण घातलं की होर, दिवा लावला की होर. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी दुसऱ्यांदा भाजी मागितली नव्हती, आणि आता नातेवाईक भेटायला येतात ते बाहेर जाऊन म्हणतात, सरदारजींना गोळी लागली आणि हावरेपणा आला.

सरोजने चित्रं पुसून वाळत ठेवली. तिला असल्या गोष्टींची सवय होती. चंदीगडच्या मोठ्या सरकारी इस्पितळात वाचा-उपचाराच्या खोलीत बसायला लागून तिला बरीच वर्षं झाली होती. ती मूळची कराडची. शिक्षण मुंबईला झालं आणि लग्न झालं ते सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या अविनाशशी. इकडे आली तेव्हा तिला पंजाबीचं अक्षर येत नव्हतं. पंजाबी ती या खोलीतच शिकली, आणि तीही वाचा गेलेल्या माणसांकडून. त्यामुळे तिची पंजाबी जरा अडखळत, तुकड्यातुकड्यांनी चालायची. ती स्वतःच गमतीने म्हणायची, माझ्या पेशंटला माझी भाषा पटकन समजते, कारण ती त्यांच्यासारखीच आहे. घरी लेक स्मिता तिच्या मराठीला हिंदीतून उत्तर द्यायची. स्वयंपाकघरात एकटी असताना कधी एखादा मराठी शब्द आठवेनासा झाला, की सरोज हातातलं काम थांबवून तो शोधत राहायची. तिला वाटायचं, दुसऱ्यांना बोलतं करता करता आपल्या तोंडचं हळूहळू निघून चाललं आहे.

प्रोफेसर सोढींची हकिकत त्या हिवाळ्यात सगळ्या शहराला ठाऊक होती. एक्याण्णव साल नुकतंच उजाडलं होतं, पंजाबात अतिरेक्यांचा जोर होता. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, संध्याकाळ झाली की रस्ते ओस. डिसेंबरातल्या एका सकाळी प्रोफेसर नेहमीप्रमाणे फिरून येताना सेक्टरच्या मार्केटात अंडी घ्यायला थांबले होते. शेजारच्या टपरीवर पोलिसातून निवृत्त झालेला एक अधिकारी वर्तमानपत्र घेत होता. स्कूटरवरून दोघे आले, त्याला गोळ्या घातल्या आणि निघून गेले. त्यातली एक गोळी प्रोफेसरांच्या डोक्याच्या डाव्या बाजूचं हाड फोडून गेली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या त्या माणसापाशी बोलण्यासाठी एवढा एक शब्द उरला.

मेंदूच्या दुखापतीत असं होतं, हे सरोज जाणून होती. सगळी भाषा वाहून जाते आणि एखादा शब्द खडकासारखा मागे राहतो. पाणी हवं असो, राग आला असो, बायको दिसो, तोच शब्द. पूर्वीचे काही डॉक्टर म्हणायचे की घाव बसला त्या क्षणी जो शब्द जिभेवर येत होता तोच अडकून राहतो. सरोजला ते कधी फारसं पटलं नव्हतं. तिच्या एका पेशंटपाशी नुसता 'मंगळवार' उरला होता.

मग एके दिवशी रंधावा आले.

ते पोलीस अधिकारी होते. साध्या कपड्यात आले, दोन बंदूकवाले दाराबाहेर उभे केले आणि सरोजची परवानगी मागून आत बसले. पन्नाशीचे, थकलेले, आवाज मऊ. गेल्याच वर्षी त्यांच्या धाकट्या भावाला गावच्या बसमधून उतरवून मारलं होतं, हे सुरजीत कौरने नंतर सांगितलं. त्यांनी प्रोफेसरांच्या पायांना हात लावला, विचारपूस केली आणि हळूहळू मुद्द्यावर आले. स्कूटरवर दोघे होते, बरोबर?

"होर," प्रोफेसर म्हणाले.

रंधावा थोडे पुढे सरकले. "होर? आणखी कोणी होतं?"

"होर. होर."

रंधावांनी सरोजकडे पाहिलं. हे काय बोलतात, याचा अर्थ काय लावायचा, असं त्यांनी तिला विचारलं. सरोजच्या मनात त्या वेळी पुढच्या पेशंटचा विचार चालला होता. ती हसून म्हणाली, "होर म्हणतात. अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळणार जी, तुमचीच भाषा आहे."

एवढंच ती बोलली. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य तिला भात कालवताना, बस थांब्यावर, केस विंचरताना आठवत राहिलं.

रंधावांनी खिशातून काही फोटो काढून एकेक टेबलावर ठेवले. प्रोफेसर बघत राहिले, चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटचा फोटो हरजोतचा होता. हरजोत हा त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहणारा मुलगा. बटाल्याकडच्या खेड्यातला, विद्यापीठात इतिहासाचं एम.ए. करत होता. सोढींना मूलबाळ नव्हतं. तो रोज पहाटे प्रोफेसरांबरोबर फिरायला जायचा, परत येऊन त्यांच्याच टेबलावर नाश्ता करायचा. त्याचा फोटो पाहताच प्रोफेसर उठायला लागले. डाव्या हाताने फोटो ओढून घेतला, छातीशी धरला आणि घसा फुटेपर्यंत तेच ओरडत सुटले. त्यांना शांत करायला नर्सला बोलवावं लागलं.

सरोज मध्ये पडली. ती म्हणाली की त्यांना तो मुलगा जवळचा आहे, फोटो पोलिसांच्या हातात दिसला म्हणून ते घाबरलेत. रंधावांनी मान डोलावली. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पक्कं झाल्याचं तिला दिसलं. रोज बरोबर जाणारा मुलगा नेमका त्याच दिवशी गेला नव्हता. अंगात ताप होता म्हणे. मारेकऱ्यांना त्या अधिकाऱ्याची वर्तमानपत्र घ्यायची वेळ कोणीतरी सांगितली होती. आणि गोळी लागलेला एकमेव साक्षीदार म्हणत होता, आणखी एक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरजोतला पोलिसांनी घरातून नेलं.

सुरजीत कौर इस्पितळात आली ती एकटीच. खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले. त्या काळात अशा नेलेल्या मुलांचं काय होतं हे कोणी कोणाला सांगत नसे, आणि सगळ्यांना ठाऊक असे. मुलाची आई गावाहून निघाली आहे, तिला मी काय तोंड दाखवू, असं ती म्हणाली. मग तिने सरोजचा हात धरला.

"बेटा, तू बोलण्याची डॉक्टर आहेस. तू सांग त्यांना, हे काय बोलतायत."

सरोजने विभागप्रमुखांना विचारलं. ते भले गृहस्थ होते, पण त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की आपण उपचार करणारी माणसं, साक्षी देणं आपलं काम नाही. कोणी विचारलंच तर 'निश्चित सांगता येत नाही' म्हणायचं. घरी अविनाशही तेच बोलला. तो भित्रा नव्हता, पण रोज तो स्मिताला स्कूटरवरून शाळेत सोडायचा आणि नाक्यावर प्रत्येक वेळी तिचं दप्तर उघडून दाखवायचा.

"सरोज, आपण परके आहोत इथे," तो म्हणाला. "एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला ते. आपण कोणाच्याच खिजगणतीत नाही, हेच बरं आहे."

"अहो, पण मी हसले हो त्यांच्यापुढे. तुमचीच भाषा म्हणाले."

त्याने नुसती तिच्या पुढ्यातली थंड झालेली वाटी उचलली आणि आमटी पुन्हा गरम करून आणली.

तिची खरी अडचण निराळीच होती. तो शब्द निरर्थक आहे असं छातीठोकपणे सांगायला ती तयार झाली असती, तर काम सोपं होतं. पण तिला आता तसं वाटत नव्हतं. निरर्थक शब्द माणूस कसाही फेकतो, त्याच्या मागे जीव लावत नाही. प्रोफेसर मात्र रोटी पुढे आली की चिडत होते, म्हणजे 'आणखी' हा अर्थ त्यांना नको होता. त्यांना वेगळंच काही म्हणायचं होतं आणि ऐकणारा दर वेळी चुकत होता. पण मग म्हणायचं तरी काय होतं?

उत्तर सापडलं ते दुसरंच काही शोधताना. चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका निघायची होती आणि तीत आवाजाच्या काळजीवर एक लेख लिहून द्यायचं सरोजने कबूल केलं होतं. रविवारी दुपारी ती लिहायला बसली आणि दुसऱ्याच ओळीत अडली. शिक्षकांचा आवाज बसतो, खरखरतो, त्याला तिच्या धंद्यात इंग्रजीत 'होर्स' म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? बसलेला, हे आठवलं. दुसरा एक शब्द होता, आई म्हणायची तो, तो काही केल्या येईना. शेवटी तिने इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. पानावर बोट फिरवत ती खाली आली आणि 'होर्स'च्या थोडं वर थांबली.

तिथे 'होर' होता.

इंग्रजी शब्द. जुना, आता क्वचित वापरात असलेला. अर्थ दिला होता: हिंव, गवतापानांवर गोठून पांढरं झालेलं दंव. पुढे आणखी: पांढुरका, पिकल्या केसांचा, फार पुराणा.

सरोज ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसली. घोगरा, हा शब्दही तिला खाली दिसला होता, पण तो लिहून घ्यायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळ सुटल्यावर ती सोढींच्या घरी गेली. हरजोतची आई येऊन बसली होती. प्रोफेसर झोपले होते. सरोजने सुरजीत कौरला विचारलं की गोळी लागली त्या सकाळी घरातून निघताना काय काय झालं. ती आठवून सांगत गेली. थंडी कडाक्याची होती. आदल्या दिवशी पाऊस पडून आभाळ स्वच्छ झालं होतं आणि अशा रात्री बागेत कोरा पडतो. सरोजच्या कानाला तो शब्द क्षणभर मराठी वाटला, कोऱ्या कागदासारखा. पण पंजाबीत कोरा म्हणजे तेच हिंव, पहाटे गवतावर पसरलेलं, मिठासारखं.

"यांना त्याचं भारी वेड," सुरजीत कौर म्हणाली. "दर हिवाळ्यात कोरा पडला की बागेतून हाका मारायचे, बाहेर ये, बघ. कुठल्या तरी इंग्रजी नावाने बोलवायचे त्याला. मी काय बघणार? शेतकऱ्याची मुलगी मी. आमच्याकडे कोरा पडला की बटाटा काळा पडायचा, बाप डोक्याला हात लावून बसायचा. त्या दिवशीही हाक मारली. दूध उतू जात होतं, मी गेले नाही."

"इंग्रजी नाव कोणतं, आठवतं?"

सुरजीत कौरने मान हलवली. त्यांचे इंग्रजी शब्द तिने कधी कानात ठेवले नव्हते. ठेवायचे असतात हेच तिला वाटलं नव्हतं.

प्रोफेसरांच्या अभ्यासिकेत मोठा शब्दकोश होता, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. दोघींनी तो पलंगाच्या कडेवर ठेवून उघडला. सरोज वाचत गेली आणि हिंदीत सांगत गेली. इंग्रजीत हा शब्द आता एकटा फारसा येत नाही, थंडीच्या दुसऱ्या शब्दाला जोडून येतो. पूर्वी मात्र नुसता होर म्हटलं की हिंव. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या दाढीला होर म्हणायचे. जुनाट झाडांच्या करड्या सालीला म्हणायचे. शेताच्या हद्दीवर कोणे एके काळी रोवलेल्या दगडांना म्हणायचे. सुरजीत कौर ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा आक्रसत गेला.

"म्हणजे मी त्यांना रोट्या वाढत बसले," ती म्हणाली.

रंधावांना फोन लावणं सरोजला सोपं गेलं नाही. तिने ते अविनाशला आधी सांगितलं. तो म्हणाला की फोन इस्पितळातून करू नकोस, घरून कर, मी इथे थांबतो. रंधावांनी ऐकून घेतलं. शब्दकोश उद्या मीही उघडीन, ते म्हणाले, पण एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघतात म्हणून तपास उलटा फिरत नाही. तेव्हा सरोज म्हणाली की तुम्ही एकदा सकाळी त्यांच्या घरी या. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी. सूर्य वर यायच्या आत.

ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण पुन्हा एक पाऊस होऊन गेला, थंडी पडली आणि त्या सकाळी सोढींच्या फाटकाशी जीप उभी होती. सरोज अविनाशच्या मागे स्कूटरवर बसून आली होती. दोघांचेही हात गारठले होते. बागेतलं गवत पांढरं झालं होतं. गुलाबाच्या काट्याकाट्यावर बारीक कण बसले होते. बंदूकवाले फाटकाबाहेरच थांबले.

सुरजीत कौरने प्रोफेसरांना शाल गुंडाळून, हाताला धरून बाहेर आणलं. ते पायरीवर थांबले. सगळे गप्प होते. सरोजनेच तसं सांगून ठेवलं होतं. त्यांनी आधी गवताकडे पाहिलं, मग हळूहळू खाली वाकले. सुरजीत कौर सावरायला पुढे झाली. त्यांनी डाव्या हाताचं बोट गवतावरून फिरवलं, पांढऱ्यात एक हिरवी रेघ उमटली. बोट त्यांनी बायकोपुढे धरलं.

"होर," ते म्हणाले.

हे त्यांनी ओरडून म्हटलं नाही, कपाळावर शीरही आली नाही. शेजारच्या माणसाला एखादी वस्तू दाखवावी तसं म्हटलं. सुरजीत कौरने ते ओलं बोट आपल्या मुठीत घेतलं.

"हां जी," ती म्हणाली. "होर. कोरा पया ए. बघितलं मी."

प्रोफेसरांच्या तोंडून मोठा श्वास सुटला. डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं, आणि ते मान डोलावत राहिले, डोलावत राहिले.

रंधावांनी सरोजला बाजूला घेऊन विचारलं, ती शपथेवर सांगू शकेल का, की त्या दिवशी फोटो पाहून त्यांना हेच म्हणायचं होतं. सरोज म्हणाली की नाही, तसं सांगता येणार नाही. त्या शब्दाने ते आता सगळंच सांगतात, भीतीही आणि मायाही. पण तो शब्द कुठून आला ते तुम्ही पाहिलंत, आणि तो 'आणखी एक माणूस' यातून आलेला नाही. एवढं मी लिहून, सही करून देते. बोलताना तिच्या पंजाबीचं व्याकरण पार कोलमडलं होतं, पण ती थांबली नाही.

रंधावा गवतावर उकिडवे बसले आणि त्यांनी तळहात टेकवला. "आमची शेतातली सरसों जळायची याने," ते म्हणाले. "माझा भाऊ लहानपणी चाटायचा, साखर समजून." मग उठून हात झटकत त्यांनी सांगितलं की ती साक्ष ते कागदावरून काढतील. मुलगा मात्र त्यांच्या ताब्यात नव्हता; चौकशीसाठी पुढे पाठवला होता. जिथे पाठवलाय तिथे माझं किती चालेल ते मला ठाऊक नाही, असं म्हणून ते जीपकडे गेले.

पुढचे दिवस सरोजने कसे काढले ते तिलाच माहीत. विभागप्रमुख तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. एकदा रात्री जेवताना फोन वाजला आणि पलीकडून कोणी बोललंच नाही. अविनाशने रिसीव्हर ठेवला आणि दाराची कडी तपासून आला. स्मरणिकेतला लेख राहूनच गेला. प्रोफेसर मात्र सुधारत होते. आपलं बोलणं निदान एकदा तरी कोणाला कळलं, याने त्यांच्यात कसलासा धीर आला होता. चित्र पाहून ते आता 'चा' म्हणत, कधी 'पा' म्हणत आणि मग पाण्याकडे बोट करत. एकदा सुरजीत कौर त्यांच्या सदऱ्याचं बटण लावायला वाकली असताना तिच्या भांगातल्या पांढऱ्या केसांवर त्यांनी हात ठेवला आणि तोच जुना शब्द म्हटला. तिने सरोजकडे बघून विचारलं, "हाही अर्थ होता ना त्यात?" सरोजने हो म्हटल्यावर ती लाजल्यासारखी हसली आणि बटण लावायचं विसरून गेली.

मार्चमध्ये हरजोत सुटला. रंधावांच्या कागदामुळे सुटला, की त्याच्या मामाने कोणाकोणाचे पाय धरले म्हणून, की त्याच्याकडून काही निघेना म्हणून सोडून दिला, हे कोणालाच कळलं नाही. मामा मध्य प्रदेशात ट्रकच्या धंद्यात होता. तो त्याला तिकडेच नेणार होता. एम.ए. तसंच राहणार होतं.

सरोज त्या दिवशी प्रोफेसरांचा अभ्यास घ्यायला घरी आली होती. थंडी सरली होती, बागेत ऊन होतं. हरजोत फाटक उघडून आला तेव्हा तिने त्याला ओळखलंच नाही. तिने त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं, निळ्या पगडीत. आता त्याचे केस कापलेले होते, ओबडधोबड, कानांवर आखूड. दाढीही नव्हती. त्याचे केस कोणी कापले, की नाक्यानाक्यावर उतरवतील म्हणून त्यानेच कापले, हे कोणी विचारलं नाही. एक पाय जपून टाकत तो आला, प्रोफेसरांच्या पायांना हात लावला आणि बाजूला उभा राहिला. सुरजीत कौरने पटकन तोंड आत वळवलं आणि चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली.

प्रोफेसरांच्या मांडीवर पगडीचं कापड होतं. डोक्याची जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी पगडी बांधू दिली नव्हती, इतके दिवस नुसता पटका, डोक्याला गुंडाळायचा लहान रुमाल, होता. आज पहिल्यांदाच ते बांधणार होते. ते लांब कापड बांधण्याआधी दोघांनी दोन टोकांना धरून ताणायचं असतं आणि घडीवर घडी घालत अरुंद करायचं असतं. एका माणसाचं ते काम नाही, आणि एका हाताचं तर नाहीच.

प्रोफेसरांनी हरजोतच्या डोक्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. सरोज सवयीने पुढे वाकली, शब्द येतो का बघायला. पण कुठलाच शब्द आला नाही, तो एक होता तोही नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि कापडाचं एक टोक हरजोतकडे सरकवलं.

हरजोतने हात मागे घेतला. मग आपले दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले आणि टोक उचललं. तो मागे मागे जात गुलाबाच्या वाफ्यापर्यंत गेला. इकडे प्रोफेसरांनी एक कड दातांत धरली, दुसरी डाव्या हातात. मधलं पांढरं कापड बागेवर ताणलं गेलं, वाऱ्याने जरा फुगलं. हरजोतने पहिली घडी घातली आणि प्रोफेसरांची घडी होईपर्यंत थांबला.

सरोजने चित्रांची पिशवी उघडली नाही. ती पायरीवर बसून राहिली.